पोलिश सुनेची झोप २०२० मध्ये उडाली, ती अजून का येत नाही?

नाशिकच्या एका काकूंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पोलंडमध्ये व्रोत्सवाफला आयटीत आहे. सून पोलिश, शाळेत शिक्षिका. कोविडच्या पहिल्याच महिन्यांत तिची झोप उडाली ती अजून धड आलेली नाही, मधूनमधून गोळी घेते. मुलगा म्हणतो, "आई, इथे निम्म्या लोकांचं तेच झालंय." काकू विचारतात: "आमच्याकडे दुसऱ्या लाटेत माणसं ऑक्सिजनसाठी रात्रभर वणवण फिरली, तरी घरी येऊन झोपली. तिकडे मोठी घरं, सरकारी दवाखाने, पगार चालू. मग त्यांच्याच मनाला एवढं का लागलं? आणि साथ संपून इतकी वर्षं झाली, तरी झोप का येत नाही?"

काकू, मी मूळची साताऱ्याची. पोलंडमध्ये बरीच वर्षं मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि निद्रानाश हा माझा रोजचा विषय आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं आहे, म्हणून ते आधी सांगून टाकते. झोप ज्या कारणाने उडते आणि ज्या कारणाने ती उडालेलीच राहते, ती दोन कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. तुमच्या सुनेची झोप साथीने उडवली असेल, पण आज तिला रात्री दोनला जागं ठेवतंय ते दुसरंच काहीतरी. ते काय, हे तिच्या अंथरुणाच्या आसपास शोधावं लागतं आणि बहुतेकदा सापडतं.

पण आधी ते "निम्मे लोक". २०२०च्या वसंतात इथल्या अनेक विद्यापीठांतल्या संशोधकांनी ऑनलाइन प्रश्नावल्या फिरवल्या. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, काळजी आवरता आली का, झोप लागायला किती वेळ गेला, असे प्रश्न. त्या फेसबुकवरून आणि ओळखीपाळखीतून पसरल्या. अशी प्रश्नावली कोण भरतं? शहरातली, शिकलेली, तरुण माणसं, त्यातही बायका जास्त. ज्याला त्रास होतोय तो बसून भरतो, ज्याचं बरं चाललंय तो लिंक न उघडता पुढे सरकतो. आकडे मोठे येणारच होते, आणि "लक्षणं दिसली" याचं बातम्यांमध्ये "आजार झाला" व्हायला वेळ लागला नाही. साथीच्या दुसऱ्या आठवड्यात काळजीने रात्री जाग येणं हे लक्षण खरं, पण मी त्याला आजार म्हणणार नाही. तेव्हा बिनघोर झोपणाऱ्याचीच मला जास्त चिंता वाटली असती.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याच्या आजारांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. हा आकडाही लोक उलटा वाचतात. शंभरातली पंचवीस माणसं नव्याने आजारी पडली असा त्याचा अर्थ होत नाही. आधी शंभरात चार असतील तर ती पाच झाली, असा होतो. पुढे २०२३ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा आला. साथीच्या आधीची मोजमापं हाताशी असलेले १३४ गट त्यात एकत्र केले होते. सर्वसाधारण लोकांच्या सरासरीत फारसा फरक निघाला नाही. बायकांची अवस्था मात्र चिंता, नैराश्य, एकूण मनःस्थिती, सगळ्याच बाबतीत थोडीथोडी बिघडलेली दिसली. माझ्याकडे आलेल्या लोकांशी हे चित्र बऱ्यापैकी जुळतं. आलेल्यांत बहुतेक जणी लहान मुलांच्या आया, शिक्षिका, परिचारिका आणि दुकानांत गल्ल्यावर बसणाऱ्या बायका होत्या.

इथे आजारपणाची रजा डॉक्टर थेट संगणकावर टाकतो आणि ती सरकारी विमा संस्थेकडे जाते. २०२० मध्ये मानसिक त्रासासाठी दिलेली रजापत्रं सुमारे १५ लाखांवर गेली, आधीच्या वर्षापेक्षा साधारण एक चतुर्थांशाने जास्त. त्यातही एक मेख आहे. त्या वर्षी डॉक्टर फोनवरच तपासत होते, त्यामुळे ज्यांनी एरवी दवाखान्याची पायरी चढली नसती त्यांनीही रजा मागितली. त्रास वाढला हे खरं, पण तो पहिल्यांदा वहीत चढला हेही तितकंच खरं. आत्महत्यांनी होणारे एकूण मृत्यू वाढले नाहीत. पोलिसांच्या नोंदीत २०१९ मध्ये ५,२५५, २०२० मध्ये ५,१६५ आणि २०२१ मध्ये ५,२०१.

त्याच नोंदीतला अठरा वर्षांखालच्या मुलांचा रकाना मात्र वेगळं सांगतो. २०२० मध्ये ८४३ मुलांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, २०२१ मध्ये १,४९६. मृत्यू १०७ वरून १२७ वर गेले. २०२२ मध्ये प्रयत्नांचा आकडा २,०३१ झाला. मुलांचे मनोविकारतज्ज्ञ पोलंडमध्ये साथीच्या आधीपासूनच अपुरे होते आणि वॉर्डांत कॉट मिळत नव्हत्या. त्यात चौथीच्या पुढची मुलं २०२० च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२१ च्या मे महिन्यापर्यंत जवळपास सलग पडद्यासमोर होती. "या देशाला साथीने मनातून कुठे दुखापत केली?" असं मला कोणी विचारलं, तर मी या रकान्याकडे बोट दाखवीन. तुमची सून शिक्षिका आहे. कॅमेरा बंद केलेल्या काळ्या चौकोनांशी तिने ते सगळे महिने बोलण्यात घालवले. त्यातला एखादा चौकोन अचानक उत्तर द्यायचा थांबला की काय वाटतं, हे तिलाच विचारा.

आता मोठ्या घरांबद्दल. काकू, मुलाने फोटो पाठवले असतील ते त्यांच्या घराचे. सगळा देश तसा राहत नाही. युरोपीय संघाच्या मोजपट्टीने २०१९ मध्ये पोलंडमधले सुमारे ३७ टक्के लोक दाटीवाटीच्या घरांत राहत होते, संघाची सरासरी होती १७ च्या आसपास. कम्युनिस्ट काळातल्या सिमेंटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या इमारती, त्यात दोन खोल्या आणि छोटंसं स्वयंपाकघर. दिवाणखान्यातला सोफा रात्री ओढला की नवरा-बायकोचा पलंग होतो, सकाळी मिटला की पुन्हा सोफा. ही सोय पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण दिवसा घरात कोणी नसायचं. मार्च २०२० मध्ये सगळे एकदम घरी बसले. सोफ्यावर बाईंचा ऑनलाइन वर्ग, त्याच सोफ्यावर दुपारचं जेवण, संध्याकाळी त्यावरच बातम्या आणि रात्री तोच ओढून झोप. हा सोफा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला रुग्ण ४ मार्च २०२० ला झेलोना गुरा शहरात सापडला, जर्मनीहून बसने आलेला. १२ मार्चला वर्ग थांबले, १५ तारखेला परदेशी लोकांना सीमा बंद झाल्या. २५ मार्चपासून कामाशिवाय बाहेर पडायचं नाही, अंत्यविधीला पाचच नातेवाईक. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारने जंगलंही बंद केली. इथे माणूस वैतागला की जंगलात चालायला जातो, आणि जंगल २० एप्रिलपर्यंत बंद. परदेशातून परतलेल्याला चौदा दिवस घरात कोंडून ठेवत. पोलीस खाली येऊन फोन करायचे आणि त्याने खिडकीतून हात दाखवायचा. शिवाय एक ॲप होतं. निरोप आला की वीस मिनिटांत स्वतःचा फोटो काढून पाठवायचा. फोन उशाशी घेऊन झोपायची सवय माझ्या काही लोकांना तिथून लागली.

आणि रस्त्यावरून पोलिसांच्या गाड्या भोंग्यातून "घरीच राहा" सांगत फिरायच्या. तरुणांना त्याची गंमत वाटली. सत्तरीच्या एक बाई मात्र मला म्हणाल्या की भोंगा ऐकला की त्यांचे हात थंड पडतात. १३ डिसेंबर १९८१ ला इथे लष्करी कायदा लागला होता, तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि नवऱ्याला रात्री घरातून उचलून नेलं होतं. त्यांना विषाणूची भीती फारशी नव्हतीच. रात्री जिन्यात पावलं वाजली की झोप मोडायची.

गंमत अशी की त्या पहिल्या लाटेत पोलंडमध्ये माणसं तुलनेने कमी गेली. भीती मोठी, साथ लहान. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत त्या वसंतात झालेल्या एका पाहणीत दिसलं की लोक आधीपेक्षा थोडे जास्तच झोपत होते, कामाचे दिवस आणि सुट्टी यांतला झोपेचा फरकही कमी झाला होता, पण झोपेचा दर्जा किंचित उतरला होता. तास वाढले आणि झोप पातळ झाली. पोलंडमध्ये मी तेच पाहिलं. सकाळची बस पकडायची नाही म्हणून लोक उशिरा उठायला लागले आणि रात्री डोळ्याला डोळा लागेना.

खरा घाव शरद ऋतूत बसला. २२ ऑक्टोबर २०२० ला घटनात्मक न्यायालयाने गर्भपाताचा कायदा आणखी आवळणारा निकाल दिला आणि साथ भरात असताना लाखो लोक, मुख्यतः तरुण मुली, रस्त्यावर आल्या. २५ तारखेला घड्याळं तासभर मागे गेली. ३० तारखेला संध्याकाळकडे सरकारने जाहीर केलं की तीन दिवस दफनभूमी बंद. काकू, १ नोव्हेंबर हा इथला पितरांचा दिवस. आपल्याकडे ऐन सर्वपित्रीला कोणी नदीवर जायला बंदी घातली तर कसं वाटेल, तसं ते झालं. आदल्या दिवशीपर्यंत शेवंतीच्या कुंड्यांचे ढीग रस्त्याकडेला विकायला मांडलेले, ते तसेच राहिले आणि शेवटी सरकारला विकत घ्यावे लागले. वसंतात पाच माणसांत बापाला पुरलेला मुलगा म्हणाला होता, "नोव्हेंबरात सगळे मिळून जाऊ." तेही गेलं. अडलेल्या शोकाची झोपमोड वेगळी असते. माणूस पडल्या पडल्या झोपतो आणि पहाटे तीन-चारला लख्ख जागा होतो.

त्या नोव्हेंबरात पोलंडमध्ये नेहमीच्या सरासरीपेक्षा सुमारे ९७ टक्के जास्त माणसं मेली, म्हणजे जवळजवळ दुप्पट. युरोपीय संघात त्या महिन्यात एवढी वाढ कुठेच नव्हती. पोलंडची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या जरा वर. २०१९ मध्ये मृत्यू झाले साधारण ४ लाख १० हजार, २०२० मध्ये ४ लाख ७७ हजार आणि २०२१ मध्ये ५ लाख १९ हजार. दुसऱ्या महायुद्धानंतर एका वर्षात एवढी माणसं या देशात गेली नव्हती. तेव्हा "त्यांच्याच मनाला एवढं का लागलं" याचं एक सरळ उत्तर हेही आहे की त्यांचीही माणसं गेली. आणि आपल्याकडचे लोक त्या दिवसांत झोपले म्हणता, तर ते मोजलं कोणी? माझ्या आईला विचारलं असतंत तर तीही "झोपते की" असंच म्हणाली असती.

लोक सावरायला लागले तोच २४ फेब्रुवारी २०२२ ला शेजारी युद्ध सुरू झालं. साथीची आणीबाणी अजून कागदावर उठलीही नव्हती, ती मे महिन्यात उठली. महिन्याभरात वर्गावर्गांत युक्रेनहून आलेली मुलं बसली. आता तुमच्या सुनेला "ताण कधी संपला?" असं विचारलंत तर ती कुठली तारीख सांगणार?

यात उजेडाची बाजू घाला. व्रोत्सवाफला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. सूर्य पावणेआठच्या पुढे उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतो. नाशिकच्या माणसाला याची कल्पनाच येत नाही. शरीराचं घड्याळ रोज सकाळच्या उजेडाने लागतं. कामावर चालत जाणाऱ्याला निदान अर्धा तास आकाश मिळतं, आणि ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो. घरून काम करणारा अंधारात उठला, दिव्याखाली बसला आणि खिडकीकडे पाहिलं तोवर पुन्हा अंधार. असे काही आठवडे गेले की घड्याळ मागे मागे सरकतं. रात्री एकपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी अंग उठत नाही. जूनमध्ये उलटं. साडेचारच्या सुमाराला लख्ख उजाडतं आणि जाड पडदे नसतील तर झोप तिथेच संपते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एका शिक्षिकेच्या झोपेच्या वहीतलं एक पान दाखवते, ओळख पटू नये एवढे फेरफार करून. रात्री १० ला अंथरुणात. दिवा मालवला साडेदहाला. झोप लागली एकच्या सुमाराला. चारला जाग, साडेचारला पुन्हा डोळा लागला. सातला शेवटची जाग, साडेसातला उठली. अंथरुणात साडेनऊ तास, झोप साडेपाच तास. भागाकार केला तर शंभरातले अठ्ठावन्न. उरलेले चार तास ती त्या सोफ्यावर पडून होती. छताकडे बघत, फोनवर मृतांचे आकडे बघत, नंतरच्या वर्षांत नुसतंच घड्याळाकडे बघत आणि "आता झोपले तरी पाचच तास मिळतील" असा हिशोब करत.

ती दहाला का पडत होती? कारण झोप होत नव्हती. आदल्या रात्रीचं भरून काढायला लवकर पडायचं, शनिवारी नऊपर्यंत लोळायचं, दुपारी वर्ग संपला की तासभर डुलकी घ्यायची. माणूस हेच करतो आणि यातलं प्रत्येक पाऊल झोपेला आणखी लांब ढकलतं. जागं राहिल्याने झोपेचा दाब वाढतो. दुपारच्या डुलकीने तो उतरतो, मग रात्री दहाला शरीराकडे झोपायला भांडवलच नसतं. वर त्या सोफ्याला जागरणाची सवय लागलेली. दिवसभर तिथे पालकांचे फोन, संध्याकाळी बातम्या, आणि रात्री तो ओढला की मन आपोआप कामाला लागतं. अशा बायका पाहुण्यांकडे किंवा खुर्चीत बसल्या बसल्या छान झोपतात. घरच्या अंथरुणाला पाठ टेकली की टक्क जाग्या. तुमच्या सुनेचं असं होतं का, हे मुलाला विचारा. उत्तर "हो" असेल तर मला निम्मं निदान मिळालं.

यावरचा उपाय विचित्र वाटतो, म्हणून पुष्कळ लोक दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात. अंथरुणातला वेळ वाढवायच्या ऐवजी कमी करायचा. या शिक्षिकेला मी सांगितलं की साडेबाराच्या आधी पडायचं नाही आणि साडेसहाला उठायचं, रविवार असो की सण असो. दुपारची डुलकी बंद. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या जागी बसायचं, डोळे मिटायला लागले की परत यायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. सोफ्यावर फक्त झोप. शाळेच्या वह्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जागा लहान असली तरी. पहिले आठ-दहा दिवस माणूस रडकुंडीला येतो, वर्गावर पेंगतो. त्या दिवसांत गाडी चालवू नका असं मी बजावून सांगते. मग हळूहळू रात्र सलग व्हायला लागते. वहीतला भागाकार आठवडाभर पंच्याऐंशीच्या वर राहिला की पाव तास बहाल करायचा, पुढच्या आठवड्यात आणखी पाव तास. हे सगळं सहा ते आठ आठवड्यांचं काम. २०१७ साली निघालेल्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही दीर्घ निद्रानाशासाठी पहिला उपाय म्हणून गोळीच्या आधी हीच पद्धत सांगितली आहे.

हे सगळ्यांना चालत नाही. पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल, फिट्स येत असतील, किंवा कोविडनंतर थोड्या श्रमाने दोन-दोन दिवस अंथरूण धरावं लागत असेल, तर झोपेचे तास असे कापायचे नाहीत.  आणि कोणीही हे सुरू करण्याआधी साध्या गोष्टी तपासून घ्या. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, संध्याकाळी पायांत होणारी वळवळ, थायरॉइड, रक्तातलं लोह. सून चाळिशीच्या पुढे असेल तर पाळीचे बदलही. साथीवर सगळं ढकलायची लोकांना सवय लागली आहे, आणि मग श्वास अडकण्याचा आजार पाच वर्षं "कोविडचा ताण" म्हणून वागवला जातो.

गोळीबद्दल. मी डॉक्टर नाही, गोळी बदलणं माझं काम नाही. पण ती सुरू कशी झाली असेल ते सांगते. २०२० च्या जानेवारीपासून इथे औषधाची चिठ्ठी संगणकावरच निघते आणि फोनवर चार आकडी कोड येतो. मार्चमध्ये डॉक्टरांच्या भेटी फोनवर गेल्या. दहा मिनिटांचं बोलणं, "झोप येत नाही", आणि कोड आला. कुणाला झोल्पिडेम, कुणाला एस्टाझोलाम, कुणाला हायड्रॉक्सिझिन. त्या वेळी ते चुकलं असं मी म्हणणार नाही, दुसरं हाताशी काय होतं? पण पहिल्या दोन गोळ्या चार आठवड्यांच्या आतच बऱ्या. पुढे त्यांचा उपयोग उतरत जातो आणि बंद केली की दोन-तीन रात्री झोप आणखी बिघडते, मग माणूस ठरवतो की गोळीशिवाय आपल्याला झोप नाहीच. काकू, तुमच्या मुलाला सांगा, गोळी एका दिवसात बंद करायची नाही. डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरवायची, आणि ती वही आधी रुळली की मग.

मेलिसा नावाच्या वनस्पतीचा काढा इथे प्रत्येक बाब्चा, म्हणजे आजी, देते. देऊ दे, फक्त झोपायच्या तोंडावर मोठा कप भरून नको, नाहीतर तीनला जाग त्यानेच येते. दारूचं जास्त बघा. इथे शंभर-दोनशे मिलिलिटरच्या व्होडकाच्या छोट्या बाटल्या मिळतात, लोक त्यांना माकडं म्हणतात. इतक्या खपत होत्या की २०२१ च्या जानेवारीपासून त्यांच्यावर वेगळा कर बसला. दारूने झोप पटकन लागते आणि रात्रीचा उत्तरार्ध नासतो. साथीत संध्याकाळचा एक पेला रोजचा झाला आणि मग तसाच राहिला, असं सांगणारे पुरुष माझ्याकडे पुष्कळ येतात. झोपेची तक्रार घेऊन येतात, पेल्याचं तिसऱ्या भेटीत सांगतात.

तुम्ही काय करू शकता? एक गोष्ट आजच करा. पोलंड आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. तुमचा पहाटे सहाचा गुलाबाच्या फुलांचा "शुभ सकाळ" त्यांच्याकडे रात्री दीड-अडीचला वाजतो. कुटुंबाच्या ग्रुपवर सहा मावश्या असतील तर सहा वेळा वाजतो. हसू नका, मी हे दोन घरांत पाहिलंय. सुनेला ग्रुप रात्री बंद ठेवायला सांगा आणि तिने तसं केलं तर रागावू नका. दुसरं, "काल झोप लागली का गं?" हे रोज विचारणं थांबवा. प्रेमानेच विचारता, पण रात्रीची परीक्षा आणि सकाळी निकाल असं तिचं होऊन बसतं. शाळेचं विचारा, पिठल्याची कृती सांगा.

मदत कुठे मिळेल ते मुलाला लिहून पाठवा. मोठ्यांसाठी मानसिक आरोग्य केंद्रं २०१८ पासून प्रयोग म्हणून सुरू झाली आहेत. तिथे डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, थेट जाता येतं, आणि तातडीचं असेल तर ७२ तासांच्या आत मदत सुरू व्हायला हवी असा नियम आहे. आपल्या भागाला असं केंद्र आहे का, हे पत्त्यावरून कळतं. मुलांसाठीची मोहल्ला पातळीवरची केंद्रं एप्रिल २०२० पासून उघडली, तिथेही चिठ्ठी नको. मोठ्यांसाठी भावनिक संकटाचा फोन ११६ १२३, मुलांसाठी ११६ १११. सुनेच्या बोलण्यात "जगण्यात अर्थ नाही", "मी नसते तर बरं" असं काही आलं, खाणं सुटलं, किंवा दोन रात्री अजिबात न झोपता ती उलट भलतीच उत्साहात दिसली, तर वहीबिही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, रात्र असली तर ११२.

हे काही नसेल आणि नुसती रखडलेली झोप असेल, तर सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. शिक्षिकेला तेव्हा सुट्टी असते, उठायची वेळ टिकत नाही आणि उजेडही लवकर येतो. शाळा १ सप्टेंबरला उघडते. दुसऱ्या आठवड्यात वही धरली तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातील तोवर तिची उठायची वेळ पक्की झालेली असेल. मग हिवाळ्यात फक्त एक सांभाळायचं: शाळेला ट्रामने जात असेल तर दोन थांबे आधी उतरून चालत जायचं.